नकाशावर मेघना ओलांडताना: पुण्यातल्या एका युद्धखेळ कार्यशाळेविषयी

पैसे वसूल झाले का, असं थेट विचाराल तर पहिल्या दिवसाचे दामदुप्पट वसूल झाले, दुसऱ्या दिवसाचे निम्मे. अडीच हजार रुपये फी, त्यात दोन्ही दिवसांचं जेवण आणि चहा. जागा कर्वे रस्त्याच्या आतल्या बोळातलं एक जुनं सभागृह. शिकवणारे निवृत्त कर्नलसाहेब आणि त्यांच्या मदतीला तिघं तरुण. आपलं किंवा संस्थेचं नाव कुठं लिहू नका, असं साहेबांनी सांगितलं म्हणून देत नाही. तोंडोतोंडी चौकशी करणाऱ्याला पुण्यात ते सापडतील.

मी साताऱ्याचा, एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस. लढाईच्या गोष्टी आमच्याकडं घरोघरी आहेत. माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. ‘जमालपूरला आम्ही रस्ता अडवून बसलो होतो’ एवढं एकच वाक्य ते सांगायचे, पुढं काही नाही. कुठला रस्ता, कुणासाठी अडवला, तो अडवल्यानं पुढं काय झालं, हे मला आयुष्यभर कळलं नव्हतं. कार्यशाळेचा विषय ‘१९७१, पूर्व आघाडी’ असा वाचला आणि नाव नोंदवलं.

खेळाची रीत आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांना हे कॉम्प्युटर गेमसारखं वाटेल. तसं ते नाही. ही पद्धत प्रशियाच्या, म्हणजे जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यातली, १८२४ सालापासूनची. दोन गट, दोन वेगळ्या खोल्या, दोन्हीकडं तोच नकाशा. मधल्या खोलीत पंच. आपण काय करणार ते चिठ्ठीवर लिहून पंचांकडं द्यायचं आणि पंचांकडून जेवढं कळेल तेवढंच आपल्याला माहीत. समोरचा कुठं आहे, किती आहे, हे दिसत नाही. नकाशावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलेलं आणि त्यावर चायनाग्राफ पेन्सिलीनं खुणा करायच्या, निळा आपला, लाल शत्रूचा. फौजेत आजही सँड मॉडेल, म्हणजे वाळूत उभारलेला प्रदेशाचा नमुना, आणि नकाशा समोर ठेवूनच योजना समजावतात, असं साहेब म्हणाले. आदेश लिहिण्याचा साचाही त्यांनी फौजेचाच दिला: परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, प्रशासन व पुरवठा, आणि शेवटी कमांड व सिग्नल, म्हणजे हुकूम कुणाचा आणि निरोप कसे पोचवायचे. पाच परिच्छेद, याच क्रमानं, एकही गाळायचा नाही. चौथ्या परिच्छेदाला कुणी दोन ओळींत उरकलं की साहेब कागद परत पाठवायचे. तिथंच मला हा माणूस आवडला.

पहिल्या सत्रात बाण काढायला मनाईच होती. आधी देश समजून घ्या, असा हुकूम. तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश, पद्मा, जमुना आणि मेघना या तीन मोठ्या नद्यांनी कापलेला. त्यामुळं भारतीय फौजही चार बाजूंनी चार तुकड्यांत विभागलेली: पश्चिमेकडून लेफ्टनंट जनरल रैनांचं २ कोअर (कोअर म्हणजे हजारो जवानांची मोठी फौज), वायव्येकडून थापन यांचं ३३ कोअर, उत्तरेकडून १०१ कम्युनिकेशन झोन नावाची फौज आणि पूर्वेला त्रिपुऱ्याच्या बाजूनं लेफ्टनंट जनरल सगतसिंगांचं ४ कोअर. एकाची मदत दुसऱ्याला सहज पोचणार नाही, कारण मधे पाणी. आम्हाला पहिलं काम दिलं ते ४ कोअरचा माल आगरतळ्यापर्यंत पोचवायचं.

हे काम वाचताना सोपं वाटतं. नकाशा उघडला आणि आमच्या गटातल्या दोन्ही एनडीएच्या तयारीतल्या पोरांचे चेहरे उतरले. आगरतळ्याला तेव्हा रेल्वेच नव्हती. ती २००८ साली पोचली. १९७१ साली त्रिपुऱ्यातली शेवटची रेल्वे धर्मनगरपर्यंत, तीही मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची. म्हणजे कुठंतरी ब्रॉडगेजच्या वाघिणीतून माल उतरवायचा, मीटरगेजच्या वाघिणीत चढवायचा, धर्मनगरला पुन्हा उतरवायचा, ट्रकमध्ये चढवायचा आणि डोंगरातल्या एका रस्त्यानं जवळपास दोनशे किलोमीटर न्यायचा. पावसाळ्यात. त्याच रस्त्यानं ट्रक रिकामे परत आणायचे. डिझेल त्याच ट्रकांतून न्यायचं, म्हणजे नेलेल्या मालातला काही भाग वाहतुकीच्याच पोटात जाणार.

आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सोडताना आम्हाला हेच पडायचं: गाड्या किती यापेक्षा परतीच्या फेरीला किती वेळ लागतो आणि एक गाडी घाटात बंद पडली तर मागच्या किती अडकतात, यावर सगळं ठरतं. इथं मी ताळेबंद मांडायला घेतला आणि पोरं पेन्सिली घेऊन शेजारी बसली. ट्रकमागं किती टन, दिवसाला किती खेपा, आठवड्याला किती ब्रेकडाऊन धरायचे. दोन तास आम्ही फक्त हेच केलं. एकही गोळी झाडली नाही आणि एकाही माणसाला कंटाळा आला नाही.

त्या दोन तासांनंतर साहेबांनी तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल माणेकशॉंची एप्रिल १९७१ची गोष्ट सांगितली. इंदिराबाईंनी विचारल्यावर त्यांनी लगेच युद्धाला नकार दिला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. माणेकशॉंनी नंतर स्वतः ज्या आठवणी सांगितल्या त्यांत पावसाळा आहे, हिमालयातल्या खिंडी हिवाळ्यात बर्फानं बंद होईपर्यंत चीनची धास्ती आहे, आणि एक कारण असंही आहे की पिकाच्या हंगामात धान्य हलवायला रेल्वेच्या वाघिणी लागतात, त्या फौजेला दिल्या तर लोकांच्या तोंडचं धान्य अडेल. त्या बैठकीत नेमकं कोण काय म्हणालं, यावर इतिहासकारांत वाद आहेत, हेही साहेबांनी लपवलं नाही. पण वाघिणींचं ते कारण ऐकून मी वहीत दोन रेघा मारल्या. सैन्य हलवायचं म्हणजे देशाच्या वेळापत्रकात हात घालायचा, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

दुपारी जेवण. चपाती, मटकीची उसळ, भात, ताक. चांगलं होतं. त्यावर अधिक लिहीत नाही.

जेवणानंतर गट बदलले आणि मला लाल खोलीत पाठवलं, म्हणजे पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी फौजेचे सेनापती जनरल नियाझी यांच्या मुख्यालयात. सुरुवातीला मन लागेना. पण कार्यशाळेतली ही सगळ्यात मोलाची युक्ती आहे, आणि कुणी जाणार असेल तर त्यानं लाल खोली मागून घ्यावी. तिथं बसल्यावर दोनच चिठ्ठ्या हातात मिळाल्या. पहिली: भारत बहुधा सीमेलगतचा एखादा तुकडा जिंकून तिथं बांगलादेशचं सरकार बसवेल, तेव्हा जमिनीचा इंचही सोडू नका. दुसरी: तुमच्याकडं जे आहे तेवढंच आहे, बाहेरून येणं अवघड. या दोन चिठ्ठ्या धरून आम्ही पाच जणांनी जे केलं ते जवळपास नियाझींनीच केलेलं निघालं. सीमेकडच्या शहरांचे किल्ले करायचे: जेसोर, बोग्रा, रंगपूर, जमालपूर, मैमनसिंग, सिल्हेट, भैरव बाजार, कोमिल्ला, चितगाव. प्रत्येक ठिकाणी दारूगोळा आणि शिधा साठवून ठेवायचा. कागदावर हे मजबूत दिसतं. आमच्यातली एक डॉक्टर बाई मात्र मघापासून गप्प बसून नकाशाच्या मध्याकडं बघत होती. ती म्हणाली, “साहेब, ढाक्यात कोण आहे?” ढाक्यात आम्ही कुणाला ठेवलंच नव्हतं. सगळी फौज कडेला आणि मध्य मोकळा.

निळ्या खोलीला ते कळलं की नाही, हे आम्हाला अर्ध्या तासानं चिठ्ठीतून कळलं: किल्ल्यांना वळसा घालून शत्रू आत आला आहे. त्या चिठ्ठीनं पोटात गोळा आला, हे मी खरं सांगतो. किल्ल्यांतली माणसं तशीच आहेत, दारूगोळा तसाच आहे, आणि कुठल्याच किल्ल्याचा उपयोग उरलेला नाही.

मग मेघना. दोन्ही गट एकत्र आणून हा प्रसंग सगळ्यांनी मिळून सोडवायचा होता. आशूगंज आणि भैरव बाजार यांच्यामधला मेघनेवरचा रेल्वे पूल पाकिस्तानी फौजेनं ९ डिसेंबर १९७१ला उडवला. पात्र जवळजवळ एक किलोमीटरचं. पलीकडं ढाक्याचा रस्ता. पुलाचं सामान यायला दिवस लागणार. सगतसिंगांनी हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी माणसं पलीकडं रायपुऱ्याला उतरवायला सुरुवात केली. ४ गार्ड्स ही बटालियन आधी गेली. रात्रीही फेऱ्या चालू राहिल्या.

हे सगळं सांगून साहेबांनी फळ्यावर खेळापुरते आकडे लिहिले: बारा हेलिकॉप्टर, एकात चौदा माणसं, चढ-उतार धरून एक फेरी चाळीस मिनिटांची, बटालियन आठशेची. एका खेपेत १६८ माणसं, म्हणजे पाच खेपा, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी दोन हेलिकॉप्टर नादुरुस्त केली. आता खेपेला १४०, सहा खेपा, चार तास. मग विचारलं, दुपारी दीडला सुरू केलं तर उजेडात आटपेल का? सगळे हो म्हणाले. वाईची एक मुलगी उठली आणि म्हणाली, तिकडं अंधार लवकर पडतो, आपल्या घड्याळाप्रमाणं डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळत असेल. बरोबर होतं. पुण्याची सहाची संध्याकाळ डोक्यात धरून सगळे गणित करत होते. चार तासांचं काम साडेपाचला संपतं, म्हणजे शेवटची खेप अंधारात. आणि पहिल्या खेपेतली १४० माणसं दुसरी खेप येईपर्यंत पलीकडं चाळीस मिनिटं एकटी. तिथं शत्रू असला तर? रणगाडे नाहीत, जड तोफा नाहीत, नदी पाठीशी. हा निर्णय घेणाऱ्या माणसाची छाती किती मोठी असेल ते मला त्या चाळीस मिनिटांवरून समजलं.

पहिल्या दिवसाचा शेवट तंगाईलवर झाला. ११ डिसेंबरच्या संध्याकाळी २ पॅरा या बटालियनचे सुमारे सातशे जवान लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली पॅराशूटनं उतरले. काम एकच: लोहजंग नदीवरचा पुंगली पूल धरायचा आणि उत्तरेकडून ढाक्याकडं मागं सरणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवायची. २ पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. आणि उत्तरेकडून खाली येऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना जाऊन मिळाली ती जंगी पलटण, जी त्याआधी जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता अडवून बसली होती. नकाशावर जमालपूर, तंगाईल, ढाका एका ओळीत दिसतात. मी बोट ठेवून तो रस्ता वरून खालपर्यंत फिरवला. चुलत्यांचं वाक्य इथं बसलं. वर त्यांनी दार लावलं, खाली आकाशातून उतरलेल्यांनी. मधे सापडलेल्या बहुतेक फौजेला ढाका वाचवायला जाता आलं नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

आता जे खटकलं ते लिहितो.

खेळात देशी होड्या एक आकडा म्हणून दिल्या होत्या: ‘होड्या ४०’. होड्या आपोआप चालत नाहीत. मेघना ओलांडताना तोफा आणि सामान पलीकडं नेलं ते तिथल्या लोकांनी, आपल्या होड्यांतून. मुक्तिवाहिनी, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांची सेना, वाट दाखवत होती. त्याआधी काही महिन्यांत एक कोटीच्या घरात निर्वासित भारतात आले होते आणि त्यांतले कित्येक त्रिपुऱ्यातल्या त्याच एकमेव रस्त्याच्या कडेला राहत होते, ज्यावर आम्ही आमचे ट्रक काढत होतो. पण आमच्या नकाशावर माणसंच नव्हती. त्या वाईच्या मुलीनं हे विचारलं तेव्हा ‘तो वेगळा विषय आहे’ असं उत्तर मिळालं. मला ते पटलं नाही. रस्त्यावर बैलगाडी आली तरी फेरीला उशीर होतो, मग लाखो माणसं असताना योजना तशीच कशी राहील? एका होडीमागं एक होडीवाला आणि त्याची मर्जी, एवढा तरी नियम खेळात घालायला हवा. ते जमलं तर हा खेळ दुप्पट खरा होईल.

दुसरा दिवस मुख्यतः आजच्या फौजेवर होता आणि तिथं गाडी पडद्यावरच्या स्लाइडींत अडकली. विषय महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, तेव्हा आपल्या मोठ्या स्ट्राइक कोअरना, म्हणजे चढाईसाठी राखलेल्या फौजांना, सीमेवर पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तेवढ्यात जग मधे पडलं. त्यातूनच पुढं छोट्या, सीमेजवळच्या, लवकर हलणाऱ्या तुकड्यांचा विचार आला. ही माझ्या आवडीची गोष्ट होती, कारण हा सगळा वेळापत्रकाचाच प्रश्न आहे. एका डिव्हिजनला किती मिलिटरी स्पेशल गाड्या लागतात, फलाट किती, रणगाडे उतरवायला किती वेळ, असा ताळेबंद मांडायला द्यायला हवा होता. त्याऐवजी पन्नासेक स्लाइडी आणि प्रत्येकीवर इंग्रजी आद्याक्षरांची रास. समोरची पोरं मोबाइल काढायला लागली.

त्यातही एक तास सोन्याचा होता. तीन टेबलं मांडली: भूदल, नौदल, हवाई दल. तिघांना एकच धावपट्टी आणि ठरावीक विमानं. तिघांनी स्वतंत्रपणे मागणी लिहायची. तिघांची बेरीज विमानांच्या दुप्पट झाली, आणि वाटप कुणी करायचं यावर पंधरा मिनिटं वाद झाला, कारण वाटप करायचा अधिकार खोलीत कुणाकडंच नव्हता. मग साहेबांनी सांगितलं की देशात तिन्ही दलांच्या मिळून सतरा वेगवेगळ्या कमांड आहेत, भूदलाच्या सात, हवाई दलाच्या सात, नौदलाच्या तीन. तिन्ही दलं एकाच सेनापतीखाली आणणारी पहिली कमांड २००१ साली अंदमान-निकोबारला झाली. १ जानेवारी २०२०पासून चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद आलं. एकत्रित थिएटर कमांडची चर्चा आपण बातम्यांत वाचतो, ती या टेबलावर बसल्याशिवाय समजत नाही. तंगाईलची उडी झाली तेव्हाही भूदलाची माणसं आणि हवाई दलाची विमानं होती, आणि त्याआधी ढाक्याचा तेजगाव विमानतळ हवाई दलानं निकामी केला होता म्हणूनच ती विमानं दिवसाउजेडी उडू शकली, हे एका विद्यार्थ्यानं आपणहून जोडून दाखवलं. पहिला दिवस आणि दुसरा दिवस तिथं एकमेकांना भेटले. असे आणखी दोन तास असते तर मी तक्रार केलीच नसती.

ड्रोनवर शेवटचं सत्र होतं, पाऊण तासाचं, घाईत गुंडाळलेलं. ते पूर्ण काढून टाकावं किंवा त्याला स्वतंत्र दिवस द्यावा.

बारीकसारीक: नकाशावरची अक्षरं फार बारीक आहेत, चष्मा आणि भिंग दोन्ही न्या. नदीकाठचं वळणाचं अंतर मोजायला दोरा देतात, पण तो एकाच गटाला पुरतो, घरून सुतळी न्यावी. नियम तोंडी सांगतात, छापील पान देत नाहीत. त्यामुळं पंचांनी काय ठरवलं आणि का ठरवलं यावर दर खेळीला अडायला होतं. दोन पानांची मराठी नियमावली छापली तर हे टळेल, मी लिहून द्यायलाही तयार आहे असं आयोजकांना सांगून आलो आहे. चौथ्या मजल्यावरचं सभागृह आहे आणि लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा. पंखे चांगले आहेत.

कुणी जावं? एनडीए किंवा सीडीएस या फौजी प्रवेशपरीक्षांच्या तयारीतल्या मुलांनी जावंच, मुलाखतीत भारी दिसण्यासाठी नव्हे, चौथा परिच्छेद लिहायला शिकण्यासाठी. इतिहासाच्या शिक्षकांनी जावं. ज्यांच्या घरात कुणी पलटणीत होतं आणि फार बोललं नाही, त्यांनी तर नक्की जावं. फक्त पराक्रमाच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर दोन दिवस लांब वाटतील, कारण बहुतेक वेळ टन, तास आणि खेपा मोजण्यात जातो.

पुढची तुकडी कारगिलवर आहे असं कळलं. त्यात उंचीवर एक तोफगोळा पोचवायला किती माणसं आणि किती खेचरं लागली याचा हिशेब देणार असतील, तर माझं नाव आत्ताच लिहून ठेवा, असं सांगून आलो.